फाटकावरचे एकवीस दिवस

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. त्या वर्षी तळ्याचं पाणी इतकं खाली गेलं, की जुन्या कुंपणाचे खांब चिखलातून डोकं काढून उभे राहिले. सकाळची बसही त्याच वर्षी बंद झाली आणि दिवसाला एकच उरली. बाकीच्यांना ते साल या दोन गोष्टींनी आठवायचं. वहिनींना आठवायचं ते एका पिवळ्या कागदाने.

वहिनी म्हणजे तंबूतळाच्या वहिनी. तशा त्या एकाच माणसाच्या वहिनी, पण दिराने हाक मारायला सुरुवात केली आणि मग दूधवाला, टपालवाला, दर वर्षी येणारी पाहुणेमंडळी, अशा सगळ्यांच्याच वहिनी झाल्या. त्यांचे यजमान तसेच सगळ्यांचे दादा. दादांनी तळ्याकाठची ती उतरती गवताची जमीन तरुणपणी घेतली होती. तिच्यावर चाळीस तंबूंच्या जागा आखल्या, प्रत्येक जागेला एक लाकडी खुंटी आणि खुंटीवर आकडा. एक न्हाणीघर, छपराखाली एक सामायिक ओटा, आणि फाटकाला लागून तीन खोल्यांचं घर. त्यातली पुढची खोली म्हणजे ऑफिस.

दादांचा एक नियम होता. उन्हं उतरली की बाहेरचं सगळं आत. खुर्च्या, दोरीवरचे टॉवेल, बादल्या, 'जागा आहे' ही पाटीसुद्धा. तळ्यावरचं दव असं पडायचं, की रात्रभर बाहेर राहिलेल्या पाटीचा रंग सकाळी बोटाला लागायचा. रोज संध्याकाळी दादा फाटकापासून पाण्यापर्यंत फेरी मारायचे आणि वहिनी हाताला लागेल ते उचलत मागून जायच्या. दादांना जाऊन दोन वर्षं झाली तरी ती फेरी थांबली नव्हती. आता ती एकट्या वहिनींची होती, एवढंच.

चाळीस खुंट्यांपैकी आता पंधराही भरत नव्हत्या. लोकांना तळं हवं होतं, पण पाठीखाली गादी आणि दाराला कडीही हवी होती.

"तंबूची हौस उरलीय म्हाताऱ्यांना," भावजी म्हणायचे, "आणि म्हाताऱ्यांचे गुडघे हौसेला विचारत नाहीत."

भावजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. सुतार. लग्न केलं नाही. घरामागच्या शेडमध्ये रंधा मारत बसायचे आणि जेवायला आले की जगाची खेचायचे. जिभेने तिखट, पण तळावर एखादं मूल रडत असलं, की संध्याकाळपर्यंत त्याच्या हातात लाकडी बदक आलेलं असायचं.

त्या मे महिन्यात वहिनींची लेक शहरातून आली ती बगलेत नकाशाची गुंडाळी घेऊनच. एका बांधकामाच्या ऑफिसात ती नकाशे काढायची. नवरा पाण्याच्या पंपांचं काम करायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने ट्रेसिंगचा कागद पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले.

"सहा खोल्या. सहाच," ती म्हणाली. "वरच्या अंगाला, झाडांच्या रांगेला धरून. लाकडी, बारा बाय दहा. दोन पलंग आणि पुढे बसायला पायरी. आत नळ नाही, काही नाही, न्हाणीघर आहे तेच वापरायचं."

भावजींनी मान तिरकी करून नकाशा पाहिला. "माणसं ठेवायच्या पेट्या म्हणायच्या."

"काका, तुम्ही उलट्या बाजूने बघताय."

"पेटी कुठल्याही बाजूने बघितली तरी पेटीच गं."

पण त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि छपराच्या उताराशी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. लेक हसली. काकांनी पेन्सिल काढली म्हणजे काम झालं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

खरी गोष्ट ती नंतर बोलली, भांडी पुसताना, आईकडे न बघता.

"त्याला तिकडे बोलावतायत आई. समुद्रापलीकडे. सप्टेंबरच्या शेवटापर्यंत हो की नाही सांगायचंय." तिने फडकं पिळलं. "या खोल्यांना परवानगी मिळाली तर आम्ही इथेच येतो. तो पंप बघेल, मी तळ बघेन. नाही मिळाली तर जायचं. तीन वर्षं म्हणतायत."

"तीन वर्षं काय, बघता बघता जातील," वहिनी म्हणाल्या.

"तीन वर्षांसाठी गेलेलं कोणी परत आलेलं पाहिलंयस तू?"

वहिनींच्या हातातली ताटली कोरडी झाली होती तरी त्या पुसत राहिल्या.

भावजींनी महिनाभरात शेडमध्ये नमुन्याची एक खोली उभी केली. परवानगीआधी जमिनीवर काही बांधायचं नव्हतं, पण शेडच्या आत कोण विचारतंय. एके दुपारी ते लाकूड आणायला गेले असताना वहिनी गुपचूप त्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि कडी घातली. ताज्या फळ्यांचा वास होता. पलंगाच्या चौकटीवर बसून त्यांनी मनातल्या मनात लेकीला फाटकातून आत आणलं, जावयाला न्हाणीघराच्या पंपाशी बसवलं, मागच्या खोलीत त्यांचं सामान लावलं. मग स्वतःशीच लाजून त्या बाहेर आल्या.

अर्ज घेऊन त्या आणि भावजी तालुक्याच्या नियोजन कार्यालयात गेले ते ऑगस्टमध्ये. बसने दीड तास. दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली, भिंतीला टेकलेली फायलींची कपाटं, आणि खिडकीपाशी चष्म्याला काळी दोरी लावलेल्या एक बाई. घसा बसलेला, गालात सदैव खोकल्याची गोळी. भावजींनी जिना उतरायच्या आत त्यांचं नाव नकाशाबाई ठेवून टाकलं.

नकाशाबाईंनी चारही प्रती तपासल्या. खोल्यांच्या जागेभोवती तांबडी रेघ, उरलेल्या जमिनीभोवती निळी, सांडपाण्याचा खड्डा, गाड्या लावायची जागा. एकदाही पेन उचललं नाही.

"नकाशा कोणी काढलाय?"

"आमच्या लेकीने," वहिनी म्हणाल्या.

"चांगला काढलाय." गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "एक लक्षात ठेवा. एक ऑक्टोबरपासून तळ्याभोवतीचा नवा आराखडा लागू होतोय. मग पाण्यापासून दोनशे मीटरच्या आत छपराखाली एक पलंगसुद्धा टाकता येणार नाही. तुमचा अर्ज जुन्या नियमात बसतोय, पण त्याच्या आधी सगळं पुरं झालं पाहिजे."

मग त्यांनी पिवळा कागद दिला. वर छापील मजकूर, मधल्या रिकाम्या जागा टाइप केलेल्या. अमुक ठिकाणी सहा निवासी खोल्या प्रस्तावित, कोणाची हरकत असल्यास कळवावे. फाटकावर, रस्त्यावरून दिसेल असा, एकवीस दिवस लावायचा. पाठीमागे बारीक अक्षरात सूचना होत्या. त्या भावजींनी वाचल्या नाहीत, कारण चष्मा घरी होता. वहिनींनीही वाचल्या नाहीत, कारण भावजींनी वाचल्या असतील असं त्यांना वाटलं.

"चार खिळे मारतो आणि टाकतो ठोकून," घरी आल्यावर भावजी म्हणाले.

"आणि दव? टाइपची शाई आहे ती. तिसऱ्या दिवशी वाहून जाईल."

"मग काय, छत्री धरून उभा राहू?"

"काढता-घालता येईल अशी पाटी करा."

भावजींनी प्लायवूडच्या तुकड्याला पट्टीची कड बसवली, कागद तिच्यात सरकवला आणि फाटकाला दोन पितळी आकडे मारले. पंचवीस ऑगस्टच्या सकाळी, चहा झाल्यावर, वहिनींनी पाटी लावली. आणि संध्याकाळी उन्हं उतरली तेव्हा खुर्च्या, टॉवेल, बादल्या यांच्याबरोबर तीही आत आणली.

रोज असंच. सकाळी आठला पाटी फाटकावर जायची, संध्याकाळी टेबलावर पावाच्या डब्याला टेकून उभी राहायची. तिच्या शेजारी बसून भावजी चहा प्यायचे. एका रविवारी लेक आली, तेव्हा ताटं मांडायला जागा नव्हती म्हणून तिनेच ती उचलून कपाटावर ठेवली. तिघांनीही पाटी घरात पाहिली आणि तिघांपैकी एकालाही काही खटकलं नाही. उन्हं उतरली की बाहेरचं आत येतं, हे त्या घरात श्वासासारखं होतं. श्वास कोणी मोजत नाही.

वळणापलीकडे मास्तर राहायचे. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले, एकटे. ऊन लागलं की त्यांचं डोकं उठायचं, म्हणून फिरायला निघायचे ते उजाडता उजाडता, आणि मग थेट सूर्य बुडाल्यावर. तंबूतळाच्या फाटकावरून दिवसातून दोनदा जायचे. दादा होते तोवर शुक्रवारी बुद्धिबळाचा डाव मांडायला फाटकातून आतही यायचे.

चौदा सप्टेंबरला एकवीस दिवस भरले. सोमवारी कार्यालयाचं बोलावणं आलं.

नकाशाबाईंच्या टेबलावर एक पत्र होतं. वळणदार, एकसारखं अक्षर. वहिनींनी ते लांबूनच ओळखलं.

"हरकत म्हणावी अशी नाहीये," नकाशाबाई म्हणाल्या. "दिवे मंद ठेवा, खाली वळवलेले ठेवा, पाखरांना त्रास होतो, एवढंच म्हणतायत. मान्य करता येईल. पण खाली एक ओळ आहे." आणि त्यांनी वाचलं. "'हा प्रस्ताव मला वर्तमानपत्रातून कळला. मी या फाटकावरून रोज दोन वेळा जातो. तेथे अशी कोणतीही नोटीस मी एकदाही पाहिलेली नाही.'"

"होती की," भावजी म्हणाले. "मी स्वतः आकडे मारलेत."

"असेल. पण हे लेखी आलंय, तेव्हा मला तुमच्याकडूनही लेखी लागेल. नोटीस कशी लावली, किती वेळ होती, सगळं लिहून द्या. आणि नोटीस जमा करा. गुरुवारी या."

वहिनींच्या समोरच्या ट्रेमध्ये पिवळ्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा पालथा पडला होता. त्यावरच्या बारीक अक्षरातली तिसरी सूचना त्या वाचत होत्या. दिवसरात्र, सलग, न काढता.

परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवर दोघंच होते.

"लावली होती असं लिहायचं," भावजी म्हणाले. "लावली नव्हती का?"

"रात्रीची आत होती, भावजी."

"रात्री वाचायला कोण येतंय? घुबड?"

"मास्तर पहाटेचे जातात. आणि दिवेलागणीला. दोन्ही वेळा ती टेबलावर असायची."

भावजी खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मी रोज तिच्याशेजारी चहा प्यायलो हो." आणि घर येईपर्यंत त्यांनी एकही विनोद केला नाही.

मंगळवारी वहिनी मास्तरांकडे गेल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच. खोलीत पुस्तकं भिंतीला लागून रचलेली होती, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बुद्धिबळाचा पट फडक्याने झाकलेला.

"बसा," मास्तर म्हणाले. "मी वाईट काही लिहिलं नाही. दिव्यांचं लिहिलं."

"हो. दिव्यांचं बरोबरच आहे."

"दादा असता तर नकाशा घेऊन आधी माझ्याकडे आला असता. तुम्ही आलात का? मला पेपरात वाचावं लागलं. चौथ्या पानावर, गाड्यांच्या जाहिरातींखाली."

वहिनींनी मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. दव, पाटी, पावाचा डबा, लेक, समुद्रापलीकडची नोकरी, सप्टेंबरचा शेवट. मास्तर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. एक ओळ त्यांनी रागाने लिहिली होती, आणि ती इतक्या लांब जाऊन लागेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मी चुकलो असं लिहून देतो," ते म्हणाले. "म्हातारा माणूस, डोळे अधू झालेत. कोणीही मानेल."

"तुमचे डोळे चांगले आहेत, मास्तर."

"ते तुम्हाला माहीत. कार्यालयाला कुठे माहीत?"

त्यांनी कागद ओढला आणि लिहायला बसले. आयुष्यभर मुलांच्या चुकांखाली तांबड्या रेघा मारलेला तो हात पहिल्या ओळीवरच अडला. मग त्यांनी एका दमात लिहून संपवलं आणि सही केली. वहिनींनी त्यांना थांबवलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्यांना सलत राहिलं ते हेच. थांबवावंसं वाटलं होतं, पण डोळ्यांसमोर मागच्या खोलीत लावलेलं लेकीचं सामान होतं.

घरी येऊन त्यांनी स्वतःचंही लिहिलं. नोटीस पंचवीस ऑगस्टपासून एकवीस दिवस सलग, दिवसरात्र, फाटकावर होती. अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिलं.

गुरुवारी तिघं गेले. मास्तरांनी इस्त्रीचा कोट घातला होता आणि उन्हासाठी काळा चष्मा. नकाशाबाईंनी आधी वहिनींचा कागद वाचला, मग मास्तरांचा. मास्तरांचा दोनदा. मग दोन्हीवर आवकचा शिक्का मारून नंबर घातले.

"ठीक," त्या म्हणाल्या. "नोटीस आणलीत?"

वहिनींनी पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढली. चुरगळू नये म्हणून नोटीस त्यांनी तिच्यात ठेवली होती. पिवळा कागद टेबलावर आला तो सपाट, कडा सरळ, टाइपचं अक्षर न अक्षर काळंभोर.

नकाशाबाई कागदाकडे पाहत राहिल्या. त्याच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग खालचा खण उघडून आतून दुसरी एक नोटीस काढली, कोणाच्या तरी तबेल्याच्या फाटकावरून परत आलेली. कोपरे वळलेले, पिवळ्याचा पांढुरका झालेला, शाईचे ओघळ, आणि मधून गोगलगाय गेल्याची चकचकीत वाट. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही एकवीस दिवस बाहेर होती," त्या म्हणाल्या. "तुमच्या कागदाला तर दवाचा थेंबसुद्धा लागलेला नाही."

शेजारच्या खोलीत कोणीतरी टाइप करत होतं.

नकाशाबाई मास्तरांकडे वळल्या. "सर, तुमचे डोळे चांगले असावेत असं मला वाटतं."

मास्तरांनी काळा चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून बसले.

"रात्री आत घेत होते," वहिनी म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "दवाने खराब होईल म्हणून. आमच्याकडे सगळंच आत घेतात."

"मग तसं लिहायचं होतं." नकाशाबाईंच्या बसलेल्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "चुकून राहिलं असेल तर सात दिवस वाढवून द्यायचा अधिकार मला आहे. आज सुरू केलं असतं तर महिनाअखेरीच्या आत सगळं पुरं झालं असतं. पण आता ही दोन खोटी निवेदनं फाइलला लागलीत, नंबर पडलेत. यावर मला काहीच करता येत नाही. नव्याने अर्ज करा म्हणेन, पण तो नव्या आराखड्यात येईल."

"आधी सांगितलं असतंत तर," भावजी म्हणाले.

"कशी लावली ते लिहून द्या म्हटलं होतं. तुम्ही खरंच लिहाल असं धरून चालले होते मी."

त्यांनी गालातली गोळी कागदात काढून ठेवली. मग लेकीच्या नकाशाच्या तीन प्रती परत केल्या. एक त्यांना ठेवावी लागणार होती.

बसथांब्यावर मास्तर पलीकडच्या बाकावर बसले. तिघं एकाच बसने आले आणि एकाच वळणावर उतरले. घरी पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. वहिनींनी पिशवी ठेवली, बाहेर जाऊन खुर्च्या आत आणल्या, टॉवेल आणले, बादल्या आणल्या. मग ऑफिसात जाऊन फोन लावला.

"परवानगी आली नाही गं."

"का?"

"कागदात चूक निघाली."

"नकाशात?" लेकीचा आवाज बारीक झाला. "माझी चूक, आई?"

"नाही, नाही. नकाशा चांगला होता. त्या बाई म्हणाल्या, चांगला काढलाय."

लेक आणि जावई नोव्हेंबरात गेले. तीन वर्षांची सहा झाली, सहाच्या पुढे कोणी मोजली नाहीत. त्यांना तिकडे दोन मुली झाल्या आणि वहिनींसमोर त्या फोटोतच मोठ्या झाल्या. जावयाने पंप दुरुस्त करणं सोडलं आणि विकायला लागला. लेकीने मात्र पुन्हा नकाशा काढला नाही, तिकडे तिचा दाखला चालला नाही. बारा वर्षांनी ती आली तेव्हा वहिनींनी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "त्या रविवारी ती पाटी मीच कपाटावर ठेवली होती ना?" आणि उठून चहा ठेवायला गेली.

मास्तरांनी फाटकावरून जाणं सोडलं. टेकडीमागून लांबचा चढाचा रस्ता धरला. तिसऱ्या वर्षी थंडीत त्याच रस्त्यावर ते पडले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यांच्या भाचीने आणून दिलेल्या एका खोक्यात वहिनींना बुद्धिबळाचा पट मिळाला. सोबत चिठ्ठी नव्हती.

नकाशाबाई मोठ्या कार्यालयात बदलून गेल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. नवा आराखडा नऊ वर्षांनी पुन्हा बदलला. तळ्याच्या पलीकडच्या काठावर साठ खोल्यांचं हॉटेल आलं. त्याचे दिवे पाण्यात लांबपर्यंत दिसायचे.

भावजींनी शेडमधली खोली मोडली नाही. आधी तिच्यात तंबू ठेवले, मग हत्यारं. शेवटच्या दोन वर्षांत, घराच्या पायऱ्या चढवेनात तेव्हा, स्वतःचं अंथरूण तिथे हलवलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पेटीत आधीच येऊन पडलोय, उचलणाऱ्यांना सोपं." शहाण्णव साली तिथेच गेले. त्या खोलीत झोपलेला तो एकच माणूस.

त्यानंतर वहिनींनी जमीन विकली आणि शहरात तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. नव्या मालकाने खुंट्या उपटल्या, फाटक बदललं. पितळी आकड्यांचं काय झालं कोणास ठाऊक. वहिनींच्या खोलीला एक अरुंद गॅलरी होती, तिच्यात एक खुर्ची मावायची. उन्हं उतरली की त्या खुर्ची उचलून आत घ्यायच्या.

"अहो राहू द्या की बाहेर," शेजारीण म्हणायची. "इथे कुठलं आलंय दव?"

वहिनी हो म्हणायच्या आणि खुर्ची आत घ्यायच्या.